केनियाला निघालेल्या मुलीला, मैत्रीबद्दल

ठाण्याच्या एका मुलीने विचारलंय, वय २७, नर्सिंग झालंय, मंडळीतर्फे, म्हणजे आपल्या चर्चतर्फे, ३ वर्षांसाठी केनियाच्या किनाऱ्यावर चाललीये. प्रश्न असा की, "मावशी, तिथे रोजचा दिवस नक्की कसा जातो आणि तिथल्या लोकांशी खरी मैत्री होते का, की शेवटपर्यंत आपण त्यांच्यासाठी फक्त मिशनरीच राहतो?"

आधी मी कोण ते सांगते. मी परळची, चाळीत वाढलेले, नर्स. लग्न केलं नाही. केनियातल्या मोंबासाला ११ वर्षं होते, एका छोट्या दवाखान्यात सकाळी काम आणि दुपारनंतर बायकांचा बायबल अभ्यास. परत आल्यापासून बाहेर जाणाऱ्या आपल्या मुलामुलींशी बसून बोलते, त्यामुळे हा प्रश्न मला नवीन नाही, पण इतक्या सरळ कोणी विचारलेला नव्हता.

मैत्री होते. पण आपण इथून निघतो तेव्हा डोक्यात एकच असतं की आपण द्यायला चाललोय. मंडळी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करते, पाळकसाहेब पाठवणीचा संदेश देतात, महिला मंडळ पाकीट देतं, आणि आपण देणारे होऊनच विमानात बसतो. मग तिकडे गेल्यावर औषध देतो, वेळ देतो, बायबलचं वचन देतो, लोक आभार मानतात, सिस्टर सिस्टर करतात, आणि ४-५ महिन्यांनी लक्षात येतं की आपल्या घरी कामाशिवाय कोणीच आलेलं नाहीये. माझं अगदी हेच झालं. तिथे एक म्हण आहे, म्गेनी सिकु म्बिली, सिकु या तातू म्पे जेंबे, म्हणजे पाहुणा दोन दिवस, तिसऱ्या दिवशी त्याच्या हातात कुदळ द्या. मला चार महिने झाले तरी कुदळ मिळाली नव्हती, कारण मी कोणाला काही मागतच नव्हते ना, मग मला तरी कोण काय देणार.

ती मिळाली मलेरियामुळे. रात्री हुडहुडी भरली, सकाळी उठता येईना, आणि समोरच्या खोलीतली शेजारीण, जिच्याशी तोवर माझं फक्त नमस्कार-चमत्कार होतं, ती दार ढकलून आत आली. तिचं नाव मी इथे लिहीत नाही, का ते पुढे सांगते. तिने मला विचारलंच नाही काय हवंय. माझे कपडे धुतले, आतले कपडेसुद्धा, ज्याची मला तापातही लाज वाटत होती, पेज केली, आणि दोन रात्री चटईवर माझ्या पलंगाशेजारी झोपली. अधूनमधून म्हणायची, पोले, पोले सिस्टर. हा शब्द तू आधी शिक. कोणी ठेचकाळला, कोणाचं माणूस गेलं, कोणी दिवसभर राबून आला, सगळ्याला पोले. तुझं दुखतंय ते मला दिसतंय, एवढंच त्यात असतं, आणि मला मराठीत त्याच्यासारखा शब्द अजून सापडलेला नाही. त्या तापात मला रोझिन क्राप्फ आठवायची. तिचा नवरा योहान क्राप्फ, जर्मन मिशनरी, १८४४ साली मोंबासाला आला आणि त्याच वर्षी ती आणि तिची तान्ही मुलगी दोघी तापाने गेल्या. तिचं थडगं मोंबासातल्या न्यालीच्या बाजूला आहे, मी बरी झाल्यावर तिथे जाऊन आले.

बरी झाल्यावर मी मोठी चूक केली. तिची भांडी परत करताना त्यात साखरेची २ किलोची पिशवी आणि वर काही नोटा ठेवल्या. तिने पिशवी घेतली, नोटा परत दिल्या, आणि आठवडाभर माझ्याकडे आली नाही. आता बघ, मी चाळीत वाढलेली बाई, शेजारची वाटी रिकामी परत द्यायची नाही हे मला आईने पाचव्या वर्षी शिकवलेलं, पण त्या वाटीत पैसे ठेवायचे नसतात हे सांगायची आईला कधी गरजच पडली नव्हती! वाटीत घरात शिजलेलं जातं. मग मी ओल्या नारळाच्या करंज्या केल्या, नाताळ नव्हता तरी, आणि घेऊन गेले. तिने एक खाल्ली, सारण बोटाने चाचपून बघितलं आणि म्हणाली नारळ जाड खवलाय, ये इकडे. आणि मला म्बुझीवर बसवलं. म्बुझी म्हणजे बकरी, पण तिथे खवणीलाही म्बुझीच म्हणतात, लाकडी पाटासारखं बसायला आणि पुढे दातेरी पातं, आपल्या कोकणातल्या खवणीची सख्खी बहीण. त्या दिवशी मी ६ नारळ खवले. आमची मैत्री तिथून धरायची.

रोजच्या दिवसाचं विचारलंस. पहाटे अजान, मग कोंबडे, मग पाणी. मोंबासात पाण्याची कायमची ओढाताण, नळाला आलं तर आलं, नाहीतर हातगाडीवर २० लिटरचे कॅन घेऊन माणूस येतो त्याच्याकडून विकत घ्यायचं. पाण्यासाठी उठायची मला सवय होतीच, परळला आम्ही तेच केलंय. नाश्त्याला कोपऱ्यावरून महाम्री आणि म्बाझी, म्हणजे वेलची घातलेल्या गोडसर पुऱ्या आणि नारळाच्या दुधात शिजवलेले तुरीचे दाणे. हो, म्बाझी म्हणजे आपली तूरच. मग मटाटू, म्हणजे खासगी मिनीबस, कंडक्टर दारात लटकून ओरडतोय, आत गाणी फुल आवाजात. दवाखाना १ वाजेपर्यंत. जेवणात बहुतेक उगाली, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, सोबत पालेभाजी, हाताने खायचं, ते आपल्याला जमतंच.

मुंबईकराला सगळ्यात जड जातो तो वेग. आपण ८:१२ पकडणारी माणसं, दुकानात शिरलो की "अर्धा किलो द्या" हेच पहिलं वाक्य. तिथे आधी घरचे कसे आहेत, झोप लागली का, काम कसं चाललंय, हे सगळं झाल्याशिवाय काही विचारणं म्हणजे उद्धटपणा. मोठ्यांना शिकामू म्हणायचं, ते मरहबा म्हणतात, मग पुढे. पहिले ६ महिने मला वाटायचं यात माझा अर्धा दिवस जातो. नंतर कळलं की माझं निम्मं काम त्यातच होत होतं, कोणाला सूज आहे, कोणाच्या घरात दोन दिवस चूल पेटली नाही, हे त्या चौकशांमध्येच समजायचं.

आणि घड्याळ! स्वाहिलीत, म्हणजे तिथल्या भाषेत, सकाळचे ७ म्हणजे १ वाजला, तिथून दिवस मोजतात. मला एका बाईंनी चहाला बोलावलं, सा कुमी, म्हणजे १० वाजता. मी सकाळी १० ला हजर. त्यांचा अर्थ होता दुपारचे ४. त्या कपड्यांच्या ढिगात बसलेल्या, मला बघून क्षणभर थबकल्या, मग स्टूल पुढे केलं आणि म्हणाल्या करीबू, म्हणजे या. मी निघायला लागले तर सोडेनात. मग मीही पदर खोचून, म्हणजे ओढणी खोचून, धुवायला बसले आणि ४ वाजता आम्ही चहा प्यायलो. चुकलीस तर पळून जाऊ नकोस, हे मी त्यांच्याकडून शिकले.

भाषा शिकायला पहिले ६ महिने पूर्ण दे, दवाखान्यातून कितीही ओढ लागली तरी. चाय, चपाती, पेसा, गारी, दुका म्हणजे दुकान, लाकी म्हणजे लाख, अचारी म्हणजे लोणचं, बिमा म्हणजे विमा, हे सगळं तुला आयतं मिळणार आहे, शेकडो वर्षं गलबतं इकडून तिकडे जात होती त्याची ही कमाई. बाकीचं अंगणातल्या पोरांकडून शिक. मोठी माणसं आदराने चुका पोटात घालतात, पोरं तोंडावर सुधारतात.

आता एक कडू गोष्ट. तू रस्त्यात चाललीस की पोरं म्हिंदी म्हिंदी ओरडतील, म्हणजे भारतीय. त्यात शिवी नाही, पण त्या शब्दामागे मोठा हिशेब आहे. १८९६ ते १९०१ मध्ये मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे बांधायला इंग्रजांनी हजारो भारतीय मजूर नेले, त्यांच्या पाठोपाठ व्यापारी गेले, दुकानं झाली, शाळा-देवळं झाली. २०१७ साली सरकारने भारतीय वंशाच्या लोकांना देशातली ४४ वी जमात म्हणून मान्यताही दिली. पण बऱ्याच साध्या माणसांच्या मनात चित्र असं असतं की म्हिंदी गल्ल्यावर बसतो, आपल्या घरी जेवत नाही आणि आपल्याला त्याच्या घरात घेत नाही. म्हणून सांगते, जिथे ताट पुढे येईल तिथे जेव. आणि तुझ्या घरात त्यांना बाहेरच्या खोलीत नाही, स्वयंपाकघरात घे.

दुसरा धागाही आहे आणि तो आपल्या महाराष्ट्राचा आहे. मी राहायचे त्या मोंबासातल्या किसाउनीच्या बाजूला केंगेलेनी म्हणून नाका आहे, म्हणजे घंटेची जागा. तिथेच फ्रेरेटाऊन, १८७४-७५ च्या सुमाराला गुलामगिरीतून सोडवलेल्या लोकांसाठी वसवलेली वस्ती, मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रेरे यांच्या नावाची. तिथे आधी येऊन वसलेल्यांमध्ये बरेच जण आपल्या नाशिकच्या शरणपूरमधून गेलेले होते. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवली जायची, शरणपूरच्या मिशनमध्ये वाढायची, शिकायची, आणि मोठी होऊन पुन्हा आफ्रिकेत. इतिहासात त्यांना बॉम्बे आफ्रिकन म्हणतात. आफ्रिकेत फिरलेला मिशनरी आणि संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन, त्याचं शव घेऊन आलेला आणि १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनाला हजर असलेला जेकब वेनराइट नाशिकलाच शिकलेला. हे मी शेजारणीला सांगितलं की ती माणसं जिथे वाढली ते गाव आमच्या कसाऱ्याच्या घाटापलीकडे आहे, तर ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, म्हणजे तुमच्याकडे आमची पोरं होती. मी म्हटलं हो. त्यानंतर ती माझी ओळख करून देताना म्हिंदी म्हणायची नाही, आमची पोरं जिथे होती तिथली म्हणायची.

पैशाचं बोलते, कारण मैत्री सगळ्यात जास्त इथेच मोडते. तिथे शाळा जानेवारीत सुरू होतात, त्यामुळे डिसेंबरच्या शेवटी फीसाठी मेसेज येतील. आणि २००७ पासून एम-पेसा आहे, मोबाईलवरून पैसे क्षणात जातात, म्हणजे हातात कॅश नाही हे कारणही चालत नाही. आमच्या गायकवर्गातल्या एका मुलाशी माझं फार चांगलं जमायचं, माझं स्वाहिली व्याकरण त्यानेच पक्कं केलं. त्याने शिलाई मशीनसाठी उसने मागितले, मी दिले. धंदा चालला नाही. मी एकदाही मागितले नाहीत, पण तो आधी माझ्यासमोरून जाईना, मग उपासनेलाही येईना, शेवटी वस्ती सोडून गेला. ते पैसे मी देऊन टाकले असते तर तो राहिला असता, किंवा नाही म्हटलं असतं तरी राहिला असता. उसने दिले तिथे चुकलं. तेव्हापासून मी कोणाला उसने दिले नाहीत. मंडळीतून मदत जात असेल तर तिथे माझा वाटा टाकायचे, मयताला, लग्नाला, आजारपणाला हरांबे होते, म्हणजे सगळ्यांनी मिळून वर्गणी, त्यात इतरांसारखीच रक्कम लिहायचे. आपल्या मुंबईत जॉर्ज बोवेन म्हणून अमेरिकन मिशनरी होते, १८४८ ला आले ते १८८८ ला जाईपर्यंत इथेच, त्यांनी मिशनचा पगार सोडून बाजारातल्या साध्या खोलीत राहायला सुरुवात केली होती. प्रत्येकाला ते झेपत नाही, मलाही झेपलं नसतं, पण लोक तुझा पंखा, तुझा फ्रिज, तुझं विमानाचं तिकीट सगळं मोजतात हे लक्षात ठेव, त्यात त्यांची चूक नाही.

आणि चामामध्ये जा. चामा म्हणजे आपली भिशी, अगदी तीच. शेजारणीने मला तिच्या चामात घेतलं, १२ बायका, दर महिन्याला सारखी रक्कम. माझा नंबर आला तेव्हा मी उदारपणे म्हटलं माझी पाळी दुसऱ्या कोणाला द्या, मला गरज नाही. खजिनदार बाईंनी वही बंद केली आणि म्हणाल्या, गरज नसेल तर आमच्यात कशाला बसलीस? मी पैसे घेतले. गॅसची शेगडी आणि सिलिंडर घेतला, आणि पुढच्या महिन्याची बैठक माझ्याकडे झाली, तो चहा त्याच शेगडीवर.

आता शेजारणीचं नाव का लिहीत नाही ते. दुसऱ्या वर्षी मी घरी पाठवायच्या प्रार्थनापत्रात तिच्याबद्दल लिहिलं, फोटोसकट. पत्र्याचं छप्पर, ओळीने बसलेली पोरं, आणि खाली मजकूर की या गरीब कुटुंबासाठी प्रार्थना करा, नवऱ्याचं काम सुटलंय, मोठा मुलगा वाईट संगतीत आहे. ती घरी आली असताना तो कागद टेबलावर होता. फोटो ओळखून तिने आनंदाने विचारलं काय लिहिलंयस, वाच ना. मी मराठीतून स्वाहिलीत सांगायला लागले आणि दुसऱ्या ओळीला माझी जीभ अडली. तिने मला पूर्ण वाचायला लावलं. मग म्हणाली, हे मी तुला मैत्रीण म्हणून सांगितलं होतं, तू ते मला न विचारता परळला पाठवलंस. मी माफी मागितली, तिने माफ केलंही, पण खूप महिने ती मला घरातलं काही सांगायची नाही. तुझ्याकडून पत्रं मागितली जातील, ती लिहावी लागतात, पाठवणाऱ्या मंडळीला माहिती द्यायलाच हवी. फक्त एक कर, ज्याच्याबद्दल लिहिशील त्याला ते त्याच्या भाषेत आधी वाचून दाखव. जे त्याच्यासमोर वाचवणार नाही ते पाठवू नकोस.

तुझे अर्धे शेजारी मुसलमान असतील. मी कोण, कशाला आले, हे मी पहिल्याच आठवड्यात स्पष्ट सांगितलं होतं, लपवायचं काही नव्हतं आणि नसावं. गल्लीत कपडे शिवणारी एक बाई होती, रमजानमध्ये संध्याकाळी तिच्याकडून ताट यायचं, मी नाताळला करंज्या पाठवायचे. ती माझ्या येशूबद्दल विचारायची, मी सांगायचे, मी तिच्या नमाजाबद्दल विचारायचे, ती सांगायची. मी तिच्यासाठी रोज प्रार्थना करायचे हे तिला माहीत होतं, ती माझ्यासाठी करायची हे मला माहीत होतं. ती कधी ख्रिस्ती झाली नाही. ११ वर्षांनी मी निघाले तेव्हा ती जितकी रडली तितकं माझ्या सोबतच्या मिशनऱ्यांपैकी कोणी रडलं नाही. स्वतःला आत्ताच विचार, ही बाई कधीच विश्वासात आली नाही तरी मी तिच्या घरी जाईन का? उत्तर नाही असेल तर तिला मैत्रीण म्हणू नकोस, ती फसवणूक होईल.

सोबतच्या मिशनऱ्यांबद्दल थोडंच सांगते. कोणी १ वर्षासाठी येतं, कोणी २, तू जीव लावतेस आणि ते जातात. भांडणंही होतील, बहुतेक गाडीवरून आणि स्वयंपाकघरावरून. त्यांच्याशी गोडीने राहा, पण रविवारची दुपार, जी सगळ्यात एकटी असते, ती त्यांच्यात किंवा मोबाईलवर काढू नकोस. केनिया आपल्यापेक्षा अडीच तास मागे, त्यामुळे घरी फोन करायला सोयीचं आहे, आणि तोच धोका आहे. मी पहिल्या वर्षी रोज आईशी एक तास बोलायचे आणि शरीराने तिकडे, मनाने परळच्या गॅलरीत असायचे.

सातव्या वर्षी माझे वडील गेले. फोन संध्याकाळी आला. मी दार लावून बसले होते, शेजारणीने रडण्याचा आवाज ऐकला, आणि तासाभरात माझ्या खोलीत आणि बाहेरच्या अंगणात चटया अंथरल्या गेल्या. तिथे मयताच्या घरी लोक रात्र रात्र बसतात, मटांगा म्हणतात त्याला. माझे वडील त्यांनी कधी पाहिले नव्हते. शव तिथे नव्हतं. तरी सगळी रात्र बसले, गाणी म्हटली, शिवणारी बाई तिच्या बहिणीला घेऊन आली, चामाच्या बायकांनी चहाचं पातेलं चढवलं. पहाटे खजिनदार बाईंनी माझ्या हातात एक रुमाल दिला, त्यात चुरगळलेल्या नोटा आणि नाणी, तिकिटासाठी. माझ्याकडे तिकिटाचे पैसे होते. त्या नोटांमध्ये कोणाकोणाच्या घरचं आठवड्याचं पाणी आहे हे मला दिसत होतं. परत करावेसे वाटले, फार वाटले. मग ती बंद केलेली वही आठवली आणि मी रुमाल दोन्ही हातांनी घेतला.

मी पोचले तेव्हा दफन होऊन गेलं होतं. विमानतळावरून भावाने थेट शिवडीच्या कब्रस्तानात नेलं. माझ्या खांद्यावर शेजारणीची लेसो होती, म्हणजे तिथल्या बायका गुंडाळतात ते छापील सुती कापड. लेसो जोडीने मिळतात, मधोमध कापून शिवून घ्यायच्या, एक तिने ठेवली होती आणि एक मला दिली होती. आई म्हणाली हे काय गुंडाळलंयस, मी म्हटलं समोरच्या खोलीतल्या बाईने दिलंय, तर आईने ते हातात घेऊन कापड बघितलं आणि स्वतःच्याच खांद्यावर ठेवलं. आई गेली तेव्हाही ते तिच्या उशाशी होतं.

परत आल्यावर जड जाईल ते वेगळं. इथले लोक "कसं होतं तिकडे" विचारतात आणि तू तोंड उघडेपर्यंत विषय बदललेला असतो, कारण त्यांचंही आयुष्य ११ वर्षं पुढे गेलेलं असतं. दोन माणसं अशी आत्ताच शोधून ठेव जी बसून ऐकतील. मी तुझ्यासाठी त्यातली एक व्हायला तयार आहे.

बाकी कामाचं. पिवळ्या तापाची लस सरकारमान्य सेंटरवरच मिळते, निघायच्या किमान १० दिवस आधी घे आणि सर्टिफिकेट पासपोर्टसोबत ठेव, परत येताना इथेही बघतात. मच्छरदाणी तिथे मिळते. तूरडाळ, मसाले, पोहे मोंबासात गुजराती दुकानांत मिळतात, बॅग त्याने भरू नकोस. भरायचीच तर करंजी कापायचं कातण घे, ते मला तिकडे कुठे दिसलं नाही.

आणि निघायच्या आठवड्यात परळला येऊन जा. शेजारणीला मी तुझ्याबद्दल व्हॉइस नोट पाठवलीये, ती म्हणाली पोरीला नारळ खवता येतो का विचार. सुक्या खोबऱ्याच्या करंज्यांचा एक डबा देते, तो तिला नेऊन दे. ती डबा परत देईल तेव्हा त्यात काय होतं ते मला कळव.